छोट्या फ्लॅटमधली बेगमी: कपाट आणि फ्रीझर भरण्याचा क्रम

मे महिन्यात डंकावरून आणलेला मसाला गरम असतानाच बरणीत दाबून भरला जातो आणि जुलैत झाकण उघडताच कुबट वास येतो. जानेवारीत मटार स्वस्त मिळाला म्हणून सोललेले ओले दाणे तसेच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकले जातात आणि वापरायच्या वेळी ते बत्त्याने फोडावे लागतात. रव्यात जाळी धरते, भाजणी कडवट होते, फ्रीझरच्या तळाशी कसले तरी तपकिरी वाटण सापडते आणि ते चिंचेचा कोळ आहे की खजुराची चटणी, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. या सगळ्या चुका वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांची कारणे दोनच असतात: ओल राहून गेलेली असते किंवा आधीची पायरी पूर्ण होण्यापूर्वी पुढची उरकलेली असते. ठाणे आणि नवी मुंबईची हवा खाडीकाठची असल्यामुळे ओलीच्या बाबतीत येथे जराही सवलत मिळत नाही. घाटावरच्या नातेवाइकांनी सांगितलेली मुदत येथे जशीच्या तशी धरू नये.

पुढील सर्व मापे चार माणसांच्या घरासाठी आणि नेहमीच्या दोन दारांच्या फ्रीजसाठी दिली आहेत.

## टप्पा १: आठ दिवसांची वही

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी आठ दिवस घरात नेमके काय शिजले, किती उरले आणि काय फेकले गेले, हे लिहून काढावे. अंदाजावर विसंबू नये, कारण आपण जे खातो असे आपल्याला वाटते आणि जे प्रत्यक्षात खातो, त्यांत बरेच अंतर असते. आमच्या कोपरखैरण्याच्या घरी ही वही पहिल्यांदा ठेवली, तेव्हा छोले आठवड्यातून एकदा होतात हा माझा समज खोटा ठरला. ते महिन्यातून एकदाच होत होते आणि मटकीची उसळ मात्र आठ दिवसांत दोनदा झाली होती.

या वहीवरून साठवणीची यादी करताना शक्यतो शिजवून तयार झालेला पदार्थ न साठवता त्याची अर्धी तयारी साठवावी. तयार छोल्यांचा डबा फक्त छोले म्हणूनच खाता येतो आणि दोनदा खाल्ला की तिसऱ्यांदा कोणी हात लावत नाही. उकडलेल्या काबुली चण्यांची उसळ, छोले, कोशिंबीर किंवा संध्याकाळची चाट यांपैकी काहीही होऊ शकते. उकडलेली कडधान्ये, कांदा-खोबऱ्याचे भाजके वाटण, आले-लसूण, टोमॅटोचा रस, चिंचेचा कोळ, खवलेला नारळ, निवडलेला मटार आणि वाफवलेले वडीचे उंडे एवढ्या आठ गोष्टींवर आठवड्याचा बहुतेक स्वयंपाक उभा राहतो. पहिल्या महिन्यात यांतील चारच निवडाव्यात.

तपासणी: यादीतील प्रत्येक वस्तूपुढे ती महिन्यातून किती वेळा लागते, हा आकडा लिहिता आला पाहिजे. आकडा लिहिता येत नसेल, तर ती वस्तू यादीतून काढावी.

## टप्पा २: जागा आधी रिकामी करणे आणि पारखणे

फ्रीझर भरण्याआधी तो पूर्ण रिकामा करावा. ज्या पुड्यांवर नाव किंवा तारीख नाही आणि ज्या ओळखूही येत नाहीत, त्या टाकून द्याव्यात. हा तोटा एकदा सोसला की पुढचा हिशेब स्वच्छ राहतो. थेट कूलिंगच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर बोटभर जाड झाला असेल, तर तो वितळवून घ्यावा. तो सुरीने खरवडू नये, कारण खालची नळी फुटली की दुरुस्तीचा खर्च वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त होतो.

त्यानंतर थंडावा मोजावा. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सियस असावे लागते. साधा फ्रीज थर्मामीटर पुड्यांच्या मधोमध रात्रभर ठेवून सकाळी दार उघडताच आकडा वाचावा. एका दाराच्या फ्रीजमधील वरचा बर्फाचा कप्पा बहुधा एवढा थंड होत नाही. तसा फ्रीज असेल, तर पुढे दिलेल्या महिन्यांच्या मुदती विसराव्यात आणि त्यात आठ-दहा दिवसांपुरतेच सामान ठेवावे.

कोरड्या सामानाची जागा निवडताना लोक जे कपाट हाताशी असते तेच धरतात. गॅसच्या ओट्यावरचे कपाट उष्णतेने आणि वाफेने तापते, सिंकखालचे सतत दमट असते, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट पावसाळ्यात भिंतीबरोबर ओल धरते. आतल्या भिंतीवरचे, जमिनीपासून वर असलेले कपाट सर्वांत बरे. डबे भिंतीला न टेकवता चार बोटे पुढे ठेवावेत.

डब्यांची परीक्षा पापडाने करावी. भाजलेल्या पापडाचा तुकडा रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. पापड कुरकुरीत राहिला असेल तर झाकण घट्ट आहे. सादळला असेल तर त्या डब्यात कांदे, बटाटे किंवा बांधीव पाकिटे ठेवावीत, पीठ आणि मसाला मुळीच भरू नये. ही परीक्षा पावसाळी दिवसात घेतली, तर अधिक खरी ठरते.

## टप्पा ३: खरेदी केव्हा आणि किती

घाऊक भाव स्वस्त असतो, पण सडलेले सामान धरले की हिशेब बदलतो. दहा किलो कांद्यांतील दोन किलो सडले, तर उरलेल्या आठ किलोंसाठी आपण सव्वापट भाव मोजला, असे होते. म्हणून तुर्भ्याच्या एपीएमसी या घाऊक बाजारातून गोणी किंवा पेटी आणायची असेल, तर तीन-चार घरांनी मिळून आणावी आणि त्याच दिवशी वाटून घ्यावी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात पाच-दहा किलोंची खरेदीही होते, त्यामुळे एका घराला ते सोयीचे पडते; मात्र रिक्षाचे भाडे हिशेबात धरावे, नाहीतर बचत रस्त्यातच संपते.

कांद्याच्या बाबतीत केवळ भाव पाहून चालत नाही. हिवाळ्यात येणारा लाल, ओलसर मानेचा खरिपाचा कांदा टिकत नाही, तो पंधरा दिवसांपुरताच घ्यावा. एप्रिल-मेमध्ये येणारा, पातळ मानेचा आणि कोरड्या सालीचा उन्हाळी कांदाच साठवणीचा असतो. तो हवेशीर टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत टांगावा. बटाटे त्याच्या शेजारी ठेवू नयेत. दोन्ही एकत्र राहिले की दोन्ही लवकर खराब होतात.

मटार डिसेंबर ते फेब्रुवारी, टोमॅटो हिवाळ्यात भाव उतरलेले असताना, मिरची आणि खडा मसाला मार्च-एप्रिलमध्ये, आणि हापूस मेच्या मध्यानंतर, पेटीचा भाव उतरल्यावर घ्यावा. मासे खाणाऱ्या घरांनी सुका जवळा, सुकट, बोंबील आणि सोडे मे संपण्यापूर्वी आणावेत, कारण १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि त्या महिन्यांत सुक्या मासळीला मागणी वाढते. सुकी मासळी घरी आणल्यावर पुन्हा दोन उन्हे द्यावी, जवळा कोरड्या कढईत भाजून पूर्ण गार करावा आणि तो काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावा. प्लॅस्टिकच्या डब्यातून वास बाहेर येतो आणि शेजारचे लोणी बिघडते.

सावधान: एका दिवसात जेवढे निवडून, शिजवून, गार करून बांधता येईल, तेवढेच ओले सामान आणावे. दहा किलो मटार शनिवारी आणून तो पुढच्या बुधवारपर्यंत सोलत बसण्यात काहीच बचत नाही. सोलेपर्यंत त्यातील गोडी निम्म्याने जाते.

## टप्पा ४: कोरडे सामान: कीड आधी, डबा नंतर

रवा, बेसन, मैदा, दलिया आणि डाळी यांमध्ये किडीची अंडी बहुधा दुकानातूनच आलेली असतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. डबा कितीही घट्ट असला तरी आतूनच किडे निघतात, म्हणून डब्यात भरण्यापूर्वी पुढीलपैकी एक उपाय करावाच लागतो.

पहिला उपाय फ्रीझरचा. एक-एक किलोची पाकिटे हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर किमान चार दिवस ठेवावीत. जाड पाकीट आतपर्यंत गोठायला वेळ लागतो, म्हणून मी आठवडा धरते. बाहेर काढल्यावर ती पिशवी लगेच उघडणे ही हमखास होणारी चूक आहे. आपल्याकडच्या दमट हवेत थंड पिठावर क्षणात दव धरते आणि मग किडीऐवजी बुरशी लागते. पाकीट बंद ठेवूनच सात-आठ तास बाहेर राहू द्यावे, ते खोलीच्या तापमानाला आले की मगच डब्यात ओतावे.

दुसरा उपाय भाजण्याचा आहे. रवा आणि शेवया मंद आचेवर, रंग न बदलता, हाताला चटका बसेपर्यंत भाजून पूर्ण गार कराव्यात. डाळी आणि तांदूळ यांना कडक ऊन द्यावे आणि संध्याकाळच्या आत उचलावेत. सोसायटीच्या गच्चीची चावी साडेचारपूर्वी परत मागितली जाते म्हणून वैतागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की खाडीकडची दमट हवा सुरू होण्याआधी सामान आत येणेच हिताचे असते.

तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची किंवा धान्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. ती बंद करावी. दोन्ही पदार्थ पोटात जाण्याचे नाहीत आणि धुऊन ते पूर्ण निघतात, याची खात्री देता येत नाही. तूरडाळीला एरंडेलाचा हलका हात लावण्यास हरकत नाही.

कणकेचा साठा करू नये. गहू साठवावेत आणि महिन्याला लागेल तेवढेच दळून आणावेत. बाजरीचे पीठ तर पंधरा दिवसांतच कडवट होऊ लागते, त्यामुळे ते एक-दोन किलोच्या वर दळू नये.

तपासणी: डबा भरण्यापूर्वी सामानात हात खोलवर घालून पाहावा. किंचितही ऊब लागली, तर थांबावे.

## टप्पा ५: भाजणी, मसाला आणि चटण्या

हा टप्पा एप्रिल-मेमध्येच उरकावा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर केलेल्या भाजणीला तो टिकाऊपणा येत नाही.

थालीपिठाच्या भाजणीसाठी आमच्या घरचे प्रमाण ज्वारी ५०० ग्रॅम, बाजरी ५०० ग्रॅम, तांदूळ २५० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ २५० ग्रॅम, उडदाची डाळ १२५ ग्रॅम, धने ७५ ग्रॅम आणि जिरे २५ ग्रॅम असे आहे. यातून साधारण पावणेदोन किलो पीठ मिळते. धान्ये धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून घ्यावीत आणि प्रत्येक धान्य स्वतंत्र भाजावे. वेळ वाचवण्यासाठी सर्व एकत्र कढईत घातले की जिरे जळते, डाळ कच्ची राहते, आणि ती कच्ची डाळच पुढे थालीपिठाला चिकटपणा आणि पिठाला वास आणते. प्रत्येक धान्य भाजून झाले, हे रंगावरून ठरवण्यापेक्षा दाण्यावरून ठरवावे: गार झालेला दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे.

गिरणीतून पीठ गरमच येते. ते घरी आणल्याबरोबर स्वच्छ सुती कापडावर पातळ पसरावे, वर दुसरे कापड टाकावे, आणि तीन-चार तासांनी डब्यात भरावे. गरम पिठाची वाफ झाकणाला आतून पाणी धरते, ते पाणी पिठात टपकते आणि बरोबर त्या जागी हिरवट गाठ तयार होते. डंकावर कुटलेल्या मसाल्यालाही हेच लागू आहे, किंबहुना अधिक काटेकोरपणे लागू आहे, कारण त्यात भाजलेल्या खोबऱ्याचे किंवा तळलेल्या खड्या मसाल्याचे तेल असते. मसाला कुटायला नेण्यापूर्वी मिरच्यांचे देठ काढून त्यांना तीन कडक उन्हे द्यावीत. मिरची मुठीत दाबल्यावर चुरचुर वाजली पाहिजे. मसाला रात्रभर गार करून दुसऱ्या दिवशी बरणीत दाबून, मध्ये हवा राहणार नाही असा भरावा, थराथरात खड्या हिंगाचे तुकडे घालावेत आणि रोजच्या वापरासाठी लहान बरणी वेगळी काढावी. मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडावी, तीही कोरड्या दिवशी आणि कोरड्या चमच्याने.

कोरड्या चटण्या मात्र वर्षाच्या नव्हेत. शेंगदाणा, कारळे आणि जवस यांत तेल भरपूर असल्यामुळे त्या बाहेर महिन्याभरात खवट होतात. दाणे आणि जवस भाजून, न कुटता साठवावेत आणि चटणी पंधरा दिवसांपुरती करावी. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवावी.

काटकसर खरी दिसते ती टाकाऊ भागांत. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साल बारीक चिरून थोड्या तेलावर अगदी कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात, तीळ आणि सुकी मिरची घालून त्यांची चटणी करावी. ती फ्रीजमध्ये आठ दिवस सहज टिकते. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या हिरव्या वाटणात जातात. फणसाच्या आठळ्या उकडून, सोलून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर श्रावणात उसळीला उपयोगी पडतात. शिळ्या ब्रेडच्या कडा कढईत कोरड्या भाजून त्यांचा चुरा केला की कटलेटसाठी वेगळे पाकीट आणावे लागत नाही.

## टप्पा ६: फ्रीझरचा एक दिवस

हे काम रोज थोडे-थोडे करण्यापेक्षा महिन्यातून एका सकाळी करावे, पण एका सकाळी सगळेच करू नये. साठ लिटरच्या फ्रीझरमध्ये चोवीस तासांत दोन ते तीन किलोंपेक्षा जास्त नवे सामान घातले, तर आधी गोठलेले सामानही सैल पडते. लोकांना हे सांगितले तरी पटत नाही, आणि मग वरचे आइस्क्रीम का वितळले, असे विचारले जाते.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. आदल्या रात्री कडधान्ये भिजत घालावीत. एक किलो काबुली चणे किंवा राजमा शिजल्यावर सुमारे सव्वादोन ते अडीच किलो भरतो, म्हणून एका वेळी अर्धा किलो पुरे. भिजवलेले पाणी टाकून द्यावे.

२. सकाळी प्रथम कुकर लावावा. राजमा पूर्ण शिजलाच पाहिजे. अर्धाकच्चा राजमा खाल्ल्याने उलट्या-जुलाब होतात, कारण त्यातील लेक्टिन हे विषारी द्रव्य जोरदार उकळीनेच निकामी होते. कडधान्य आख्खे राहील, पण बोटांनी सहज चेपेल, इतके शिजवावे. पुढे रश्शात पुन्हा उकळी येणार आहे, म्हणून गाळ होऊ देऊ नये.

३. कुकर सुरू असताना कोरडी कामे उरकावीत: नारळ खवणे, आले-लसूण वाटणे. आले-लसूण पाणी न घालता थोड्या मिठावर वाटावे, बर्फाच्या ट्रेमध्ये भरावे आणि गोठल्यावर ते तुकडे पिशवीत काढावेत.

सावधान: कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवू नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. त्याचा वास किंवा रंग कळत नाही. असे वाटण फ्रीजमध्ये चार दिवस आणि त्यापुढे फ्रीझरमध्येच ठेवावे.

४. त्यानंतर भाजके वाटण. कांदा आणि खोबरे खमंग भाजून, गार करून, कमीत कमी पाण्यात वाटावे. जेवढे पाणी कमी, तेवढी जागा कमी लागते आणि वितळताना वाटण फुटत नाही.

५. मटार शेवटी. मोठ्या पातेल्यात खळखळून उकळते पाणी ठेवावे, त्यात एका वेळी दोन मुठी दाणे दीड ते दोन मिनिटे टाकावेत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवावेत. या उकळीमुळे दाण्यातील वितंचके (एन्झाइम) थांबतात. ती न दिल्यास मटार फ्रीझरमध्येही हळूहळू रंग, वास आणि गोडी गमावतो. नंतर दाणे रोवळीत निथळून, पंचावर पसरून, पंख्याखाली पूर्ण कोरडे करावेत. ही कोरडे करण्याची पायरी गाळल्यामुळेच दाण्यांचा दगड होतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या दोन किलो दाण्यांचा असा एकच दगड झाला होता आणि तो मार्चपर्यंत थोडा-थोडा फोडून संपवावा लागला. कोरडे दाणे ताटात एका थरात पसरून दोन-तीन तास गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत, म्हणजे हवे तेवढेच सुटे निघतात. फरसबीला तीन मिनिटे, गाजराच्या फोडींना दोन मिनिटे पुरतात.

अळूवडी आणि कोथिंबीरवडीचे उंडे वाफवून, गार करून, आख्खेच गुंडाळून ठेवावेत. वड्या कापून गोठवल्या की कडा सुकतात. वापरताना उंडा अर्धवट वितळला असतानाच कापावा, तेव्हा वड्या नीट पडतात. पुरण उत्तम टिकते. आमरस पाणी किंवा दूध न घालता, साखरही न घालता भरावा.

उकडलेला बटाटा रवाळ आणि पाणचट होतो, काकडी आणि कच्चा टोमॅटो लिबलिबीत होतात, दही फाटते आणि नारळाच्या दुधाची आमटी गरम करताना फुटते, म्हणून यांना फ्रीझरमध्ये जागा देऊ नये. इडलीचे पीठ गोठवून ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. माझ्या मते तो चुकीचा आहे, कारण नंतरच्या इडल्या बसक्या होतात.

## टप्पा ७: गार करणे आणि बांधणे

शिजलेले अन्न ओट्यावर तासन्‌तास गार होत राहणे हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत धोकादायक भाग आहे. ६० अंश आणि ५ अंश यांच्यामधल्या तापमानात जिवाणू वाढतात. दोन तासांपेक्षा जास्त काळ अन्न त्या पट्ट्यात राहू नये, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासातच उरकावे. उलटपक्षी गरम पातेले थेट फ्रीझरमध्ये ठेवले, तर शेजारचे सामान वितळते. यावर उपाय सोपा आहे: कुकरमधले चणे लगेच परातीत पसरावेत, परात थंड पाण्याच्या टबात ठेवावी, पाणी कोमट झाले की बदलावे, आणि हाताला ऊब लागेनाशी होताच अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग फ्रीझरमध्ये न्यावेत.

बांधताना पुडी एका वेळच्या स्वयंपाकाची असावी, म्हणजे चार माणसांसाठी कडधान्य दोन वाट्या आणि वाटण अर्धी वाटी. जाड, अन्नासाठी बनवलेल्या पिशवीत भरून हवा हाताने दाबून काढावी आणि पिशवी आडवी ठेवून दोन सेंटिमीटर जाडीची सपाट वडी करावी. सपाट वडी लवकर गोठते, लवकर वितळते आणि फायलींसारखी उभी रचता येते. गोल डब्यांत बरीच जागा हवेची जाते. रस किंवा कोळ डब्यातच भरायचा असेल, तर वर दोन बोटे जागा सोडावी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि काठोकाठ भरलेली काचेची बरणी तडकते. भाजीवाल्याच्या रंगीत पातळ पिशव्या यासाठी अजिबात वापरू नयेत.

प्रत्येक पुडीवर भरण्यापूर्वीच नाव, माप आणि तारीख लिहावी, कारण गोठलेल्या पिशवीवर शाई धरत नाही. "वाटण" एवढेच लिहिणे निरुपयोगी आहे. "भाजके वाटण, लसूण आहे, अर्धी वाटी" असे लिहावे. उपासाच्या दिवशी हा तपशील लागतो.

तपासणी: चोवीस तासांनी नव्या पुड्या दाबून पाहाव्यात. मधोमध मऊ लागत असल्यास पुडी जाड झाली आहे किंवा एका दिवसात फार सामान घातले गेले आहे.

## टप्पा ८: वापर आणि पुनर्भरण

चवीच्या दृष्टीने खवलेला नारळ, वाटण, उकडलेली कडधान्ये आणि पुरण दोन महिन्यांत, वडीचे उंडे एका महिन्यात, आणि मटार व आमरस आठ महिन्यांत संपवावेत. नव्या पुड्या मागे आणि जुन्या पुढे ठेवाव्यात. फ्रीजच्या दारावर एक कागद लावून प्रत्येक पुडीसाठी एक उभी रेघ काढावी आणि पुडी काढताना ती खोडावी. घरातील सर्वांनी ती खोडली तरच या कागदाचा उपयोग आहे. आमच्याकडे यासाठी कागदाला पेन्सिल दोऱ्याने बांधावी लागली.

वितळवण्यासाठी पुडी आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये, ताटलीत ठेवून काढावी. विसरल्यास बंद पिशवी थंड पाण्यात ठेवावी. सपाट वडी अर्ध्या तासात सुटते. मटार, नारळ आणि वाटण न वितळवता थेट कढईत घालता येतात. ओट्यावर दिवसभर वितळत ठेवलेले शिजवलेले अन्न वापरू नये, आणि एकदा पूर्ण वितळलेली पुडी पुन्हा गोठवू नये.

वीज गेल्यास फ्रीझरचे दार उघडून पाहण्याचा मोह टाळावा. गच्च भरलेला फ्रीझर बंद दाराआड रिकाम्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ थंडावा धरतो, म्हणून रिकाम्या राहिलेल्या कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या तीन-चतुर्थांश भरून ठेवाव्यात. गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल, तर सामान गोठलेलेच राहिले आहे. ते तळाशी जाऊन वर पुन्हा बर्फ धरला असेल, तर आपल्या पाठीमागे सर्व वितळून पुन्हा गोठले आहे. अशा वेळी उकडलेली कडधान्ये, वाटण आणि मासळी वास न घेता, चव न पाहता टाकून द्यावी.